दोन चमचे तेल

शलाका बिवलकरला या सगळ्यातून काय मिळणार होतं ते आधीच सांगून टाकलेलं बरं. म्हणजे पुढे तिची बाजू घ्यायची की नाही, हे ज्याचं त्याला ठरवता येईल.

मंगळपूरच्या 'डॉ. त्र्यंबक बिवलकर मानववंश संग्रहालया'चं संचालकपद. त्याबरोबर कारखान्यामागची दगडी इमारत आणि वरच्या मजल्यावर राहायला चार खोल्या. थोरला भाऊ शेखर याच्यावर आयुष्यात पहिल्यांदा मात, कारण कारखाना त्याच्याकडे, 'बिवलकर ज्वरांतक काढा' त्याच्याकडे, आणि शलाकाकडे आजवर फक्त 'मुलगी हुशार आहे हो' एवढं प्रशस्तिपत्र, तेही परक्यांनी दिलेलं. सगळ्यांत मोठा लाभ शेवटचा. उद्घाटनाच्या दिवशी आप्पा, म्हणजे तिचे वडील, माईकसमोर म्हणणार होते, "हे सगळं माझ्या मुलीनं उभं केलं." भाषणाचा कागद त्यांनी तिला आधीच वाचून दाखवला होता. चव्वेचाळीस वर्षांच्या बाईनं एका वाक्यासाठी पुण्यातली चांगली नोकरी सोडावी, याचं ज्यांना हसू येईल त्यांनी आपापल्या वडिलांना आठवून पाहावं.

संग्रहालयाचं भांडवल म्हणजे प्लॅस्टरचे पन्नास मुखवटे. शलाकाचे पणजोबा डॉ. त्र्यंबक बिवलकर यांनी १९२७ ते १९३१ या काळात ते जिवंत माणसांच्या चेहऱ्यांवरून काढले होते, असं घरात सगळ्यांना पाठ होतं. त्या काळी मंगळपूरच्या वेशीबाहेर तारेच्या कुंपणात एक सेटलमेंट होती. इंग्रजांच्या कायद्यानं ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं होतं, त्यांना तिथे डांबून ठेवत आणि दिवसातून तीनदा हजेरी घेत. डॉक्टर तिथले मानद वैद्यकीय अधिकारी. डोक्याचा घेर, नाकाची रुंदी, कपाळाचा उतार मोजून त्यांनी एक जाडजूड ग्रंथ लिहिला. त्याचं सार असं, की गुन्हेगारी रक्तात असते, तो वंशाचा गुण आहे आणि तो फूटपट्टीनं मोजता येतो. त्यावर त्यांना सरकारकडून किताब मिळाला. एक्केचाळीस मुखवटे सेटलमेंटमधले, बहुतेक फासेपारध्यांचे. उरलेले नऊ 'सभ्य वंशा'चे, तुलनेसाठी: डॉक्टरांचे भाऊ, मेहुणे, शेजारचे वकील.

घरात आणखी एक गोष्ट चालत आलेली होती, दुधाची. डॉक्टर दर गुरुवारी त्या लोकांना स्वतःच्या हातानं पेलाभर दूध देत. आप्पा ही गोष्ट सांगताना दर वेळी पेल्याचा आकार थोडा वाढवत.

"आजच्या पोरांना हेच दाखवायचं शलू," आप्पा म्हणाले होते, "की ज्यांना कुणी दारात उभं करत नव्हतं, त्यांना बिवलकरांनी दूध पाजलं. ग्रंथातली ती मापंबिपं मागं ठेव. दूध पुढं आण."

शलाकानं दूध पुढं आणायचं ठरवलं, आणि त्यासाठी केशवाचक मागवला.

केशवाचक हे यंत्र दोन हजार एक्केचाळीस साली काही नवलाईचं राहिलं नव्हतं. केस वाढतो तेव्हा रक्तात त्या दिवशी जे काही असेल ते थोडंथोडं त्याच्या आत अडकून बसतं, मग ते खाल्लेलं असो, प्यायलेलं असो की भोगलेलं. महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढणारा केस म्हणजे माणसानं नकळत ठेवलेली रोजनिशी. केशवाचक लेझरनं तो केस टोकापासून मुळापर्यंत मुंगीच्या पावलाएवढ्या अंतरानं तासत जातो आणि प्रत्येक कणाची मोजदाद करतो. दूध प्यायलं तर कळतं. उपाशी राहिलं तरी कळतं, कारण अन्न नसलं की शरीर स्वतःचंच मांस खातं, आणि त्याची खूण नायट्रोजनमध्ये उतरते. शिवाय मुळाशी माणसाची जनुकं असतात, त्यावरून आजची भावकी सापडते.

प्लॅस्टरचा मुखवटा ओढून काढताना भुवयांचे, दाढीचे, कानशिलाचे केस मुळासकट उपटून आत अडकून राहिले होते. शंभर वर्षं ते तिथेच होते. शलाकाला वाटलं, एकेक केस वाचू, काय खाल्लं काय प्यायलं ते पडद्यावर दाखवू, आणि शेजारी डॉक्टरांचा फोटो लावू.

फक्त एक अडचण होती. नव्या कायद्याप्रमाणे संग्रहालयातल्या मानवी अवशेषाला हात लावायचा तर ज्या समाजाचा तो अवशेष आहे त्यांचा प्रतिनिधी समोर हवा. त्याच्या सहीशिवाय चाचणी सुरू करता येत नाही आणि थांबवताही येत नाही. जुन्या सेटलमेंटच्या जागेवरच्या वस्तीनं जिला पाठवलं ती बाई म्हणजे शेवराबाई काळे. वय सहासष्ट. एसटीत तीस वर्षं कंडक्टर. येताना तिनं वस्तीतल्या साठ जणांच्या लाळेच्या नळ्या आणल्या होत्या, नावनिशीवार, रबर लावून, दहा-दहाच्या गड्ड्या करून.

"या मावशी, बसा," शलाका म्हणाली.

"मावशी म्हणू नका बाई," शेवराबाई खुर्ची पुसून बसली. "मशीन लावताय. नातं निघायचं खरंच, मग पंचाईत."

यंत्र चालवायला आलेला मुजावर नावाचा तरुण शास्त्रज्ञ फस्सकन हसला. शलाकानंही हसून घेतलं. आप्पांनी तिला शिकवलं होतं, की अशा लोकांचं बोलणं मनावर घ्यायचं नाही. 'अशा' म्हणजे कशा, हे आप्पांनी कधी सांगितलं नव्हतं आणि तिनंही कधी विचारलं नव्हतं.

मुजावरनं मुखवटे एकेक करून भिंगाखाली धरले आणि थोड्या वेळानं म्हणाला, "मॅडम, गंमत आहे. या एक्केचाळीस मुखवट्यांत केसच केस आहेत. तुमच्या नातेवाइकांच्या नऊमध्ये एकही नाही."

"का?"

"तेल. प्लॅस्टर लावायच्या आधी चेहऱ्याला भरपूर तेल चोळतात, म्हणजे साचा अलगद निघतो. इथं चोळलेलंच नाही. ओढून काढलाय." त्यानं आपल्या भुवईला बोट लावलं. "दुखलं असणार."

डॉक्टरांच्या वह्या शलाकाकडेच होत्या. एका वहीत पहिल्याच पानावर साहित्याची यादी होती आणि त्याखाली डॉक्टरांचं सुबक अक्षर: 'खोबरेल, सभ्य नमुन्यांस दोन चमचे. वसाहतीतील नमुन्यांस आवश्यकता नाही, अपव्यय होतो.'

शलाकानं ते मोठ्यानं वाचलं. वाचून झाल्यावर तिला वाटलं, वाचायला नको होतं.

"किती चमचे वाचले असतील वो?" शेवराबाईनं विचारलं. "एक्केचाळीस दुणे ब्याऐंशी. बिवलकरांचा पिंडच हिशेबी. म्हणून तर कारखाना झाला."

पहिल्या आठवड्यात सहा मुखवट्यांचं वाचन झालं. निकाल सांगायला मुजावरनं दोघींना पडद्यासमोर बसवलं. तो बराच वेळ पाणी पीत राहिला.

"दूध खरं आहे," तो म्हणाला. "दर सात दिवसांनी. नियमित. सहाही जणांत."

शलाकानं सुटकेचा श्वास सोडला.

"दुधाबरोबर सोमलही आहे."

सोमल म्हणजे आर्सेनिक. तापावरच्या औषधांत तेव्हा थोडा सोमल घालायची पद्धत होती, आणि ज्वरांतक काढ्याच्या जुन्या कृतीतही तो होता, हे शलाकाला माहीत होतं. थोडा म्हणजे किती, हा प्रश्न डॉक्टरांपुढे होता. काढा बाजारात आणायचा तर गिऱ्हाइकाला सोसेल इतकाच सोमल हवा. सोसतो किती, हे कुणावर तरी पाहायला हवं. पडद्यावर केसाची लांबी आडवी मांडली होती आणि सोमल उभा. रेघ पायऱ्यांसारखी चढत होती. दोन गुरुवार एक मात्रा, पुढचे दोन गुरुवार त्याहून जास्त, मग आणखी जास्त. अधूनमधून नायट्रोजनची रेघ वर उसळलेली, म्हणजे माणसाच्या पोटात अन्न ठरत नव्हतं, उलट्या चालल्या होत्या. तरी पुढच्या गुरुवारी पेला तयार.

"त्यांनी ग्रंथात लिहिलंय," शलाका कशीबशी म्हणाली, "की या वंशाला विषाचा त्रास कमी होतो... रक्त जाड असतं, असं काहीतरी."

"होतो, सगळ्यांना सारखाच होतो," मुजावर म्हणाला. "आता हे मूळ बघा."

केसाच्या मुळाजवळ एक काळा पट्टा दिसत होता, बारीक, रेखीव.

"हा जिवंत माणसाच्या केसाला येत नाही. माणूस मेला की त्वचेखाली मूळ कुजायला लागतं, आणि हा पट्टा पडतो. त्याला काही तास, कधी एखादा दिवस लागतो. त्यानंतर केस उपटला तरच पट्ट्यासकट येतो." त्यानं पडद्यावरच्या एकेका पट्ट्यावर बोट ठेवलं. "सहापैकी चार मुखवटे मेलेल्या माणसांचे आहेत."

मुखवट्यांचे डोळे सगळ्यांचेच मिटलेले असतात. आप्पा पाहुण्यांना दाखवताना म्हणत, किती शांत चेहरे आहेत बघा.

"नावं?" शेवराबाईनं विचारलं.

डॉक्टरांनी नावं लिहिलीच नव्हती. 'फासेपारधी, पुरुष, अदमासे बावीस' एवढंच. पण साठ नळ्या होत्या, आणि सेटलमेंटचं हजेरीपुस्तक सरकारी दप्तरात शाबूत होतं. त्या चार वर्षांत पुस्तकात एकोणीस नावांपुढे लाल शाईनं, डॉक्टरांच्याच सुबक अक्षरात, एकच शब्द होता: फरार. मुजावरनं चार मुखवटे आणि चार घराणी जुळवली. चारही नावं त्या एकोणिसांतली निघाली.

"मुखवटा क्रमांक सतरा," तो हळू आवाजात म्हणाला, "तुमच्या नळीशी जुळतो, शेवराबाई. आजीचा भाऊ असावा."

"नवशा," ती म्हणाली.

ती पडद्याजवळ गेली. एकवीस वर्षांच्या पोराचा प्लॅस्टरचा चेहरा, भुवयांच्या जागी केसांचे खुंट. तिनं हात लावला नाही.

"तुम्हाला माहितेय का बाई, फरार लिहिलं की काय व्हायचं?" ती शलाकाकडे न बघताच बोलत होती. "घरच्यांचं रेशन बंद. बापाला काठ्या. आणि धाकटी पोरं आईपासून तोडून लांबच्या आश्रमशाळेत, कारण ही बी पळणार. माझी आजी सात वर्षांची होती. तिला नेली ती आई मेल्यावरच सोडली. भाऊ पळाला म्हणून. जलमभर शिव्या घातल्या तिनं त्याला. आखितीला पितरांना घास काढायची, बापाचा काढायची, आईचा काढायची, ह्याचा कधी न्हाई. म्हणायची, तो मुडदा कुठंतरी बायकापोरात जेवत असंल. मरताना बी शेवटचं पाणी आमच्या हातनं प्याली आणि म्हणाली, नवशाला सुख लागू नये." ती वळली. "हा इथं होता. तुमच्या कपाटात. शंभर पावलांवर. मी तुमच्या कारखान्याच्या स्टॉपला रोज दोनदा गाडी थांबवत होते."

शलाकाच्या तोंडून "मला माफ करा" असं काहीतरी निघालं.

"तुम्ही न्हाई दिलं दूध. माफी राहू द्या. पुस्तक दुरुस्त करा. फरार खोडून मेला लिहा, कुणी मारला ते लिहा. उरलेले पस्तीस बी वाचा. एकोणीसच्या एकोणीस सापडले पायजेत."

कायद्यानं अहवाल प्रसिद्ध करायला मालकाची सही लागे, आणि विश्वस्त म्हणून सहीचा अधिकार शलाकाला होता. पेन तिच्या पर्समध्ये होतं. तिनं ते काढलं नाही. ती आधी आप्पांना सांगायला गेली. चांगल्या घरातल्या मुली असंच करतात.

आप्पा कारखान्यातल्या आपल्या खोलीत बसले होते. बाहेर काढ्याच्या बाटल्यांना बुचं लागत होती, खोलीभर अडुळशाचा वास. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मध्ये एकदाच विचारलं, "पण इतक्या वर्षांनी केस राहिले कसे?"

"तेल लावलं नव्हतं म्हणून," शलाका म्हणाली. "पणजोबांनी तेल वाचवलं. तेल असतं तर एकही राहिला नसता."

"अच्छा," आप्पा म्हणाले.

मग त्यांनी चहा मागवला, तिच्या कपात स्वतः साखर घातली. लहानपणानंतर प्रथमच. "शलू, मी तुला खोटं बोल म्हणतोय का? अजिबात नाही. पण तो काळच तसा होता बाळा. सगळेच करायचे. साहेब करत होते, आजोबांनी केलं. आणि ती माणसं तरी काय, तशीही..."

"तशीही काय आप्पा?"

"तशीही तापानं मरतच होती. चहा घे. मी म्हणतो, लाव ना पाटी. मोठी लाव, खिळा मी ठोकतो. पण उद्घाटनाला मंत्री येऊन जाऊ दे. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा झालो, एक समारंभ बघू दे. आठ दिवस. आठ दिवसांनी ती माणसं काय जास्त मरणार आहेत?"

तिनं हे ऐकून चहाचा कप खाली ठेवायला हवा होता. ठेवला नाही. तिला त्या कागदावरचं वाक्य आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी ती वस्तीवर गेली. शेवराबाई दारात शेंगा निवडत बसली होती. बसायला सांगितलं नाही, तशी उभ्यानंच शलाकानं आपलं मागणं मांडलं. उरलेल्या मुखवट्यांचं वाचन आणि अहवाल, दोन्ही आठ दिवस पुढे ढकलू. मुजावर कागद घेऊन बरोबर होताच.

"आठ दिस कशाला?"

"वडिलांची... प्रकृती आहे. उद्घाटन होऊ दे. नंतर मी स्वतः सगळं करीन. माझा शब्द आहे."

"शब्द," शेवराबाईनं एक शेंग फोडली. "नगं म्हणलं तर?"

"तर सही नका करू. तुमचा अधिकार आहे."

"अधिकार मला, आणि चाव्या तुम्हाला." तिनं दाणे सुपात टाकले. "मी न्हाई म्हणले तर उद्या तुम्हीच म्हणाल, ह्यांच्याशी नीट बोलायला गेलं तरी ही माणसं अशीच. माहितेय मला. आणा इकडं." तिनं सही केली आणि कागद तसाच हातात धरून ठेवला. "एसटीत सुट्टे नसले की मी तिकिटाच्या पाठीवर लिहून द्यायची, इतके देणे. उतरताना पाशिंजर तिकिटाची पाठ दाखवायचा, मी द्यायची. तीस वर्षांत एकाचं बुडवलं न्हाई. तुम्ही लिहा पाठीवर."

नळ्या घेताना शेवराबाईला दिलेल्या पावतीच्या पाठीवर शलाकानं लिहिलं: 'पस्तीस देणे. आठ दिवस.' खाली सही. शेवराबाईनं पावती घडी करून पोलक्यात ठेवली.

सहाव्या दिवशी सकाळी शलाका संग्रहालयात आली तर दारातच जवसाच्या तेलाचा वास आला. आत कारखान्याचा जुना रंगारी वसंता स्टुलावर बसून मुखवटा पुसत होता. पन्नासच्या पन्नास मुखवटे ओळीनं मांडलेले, पिवळसर, चकचकीत.

"झालं बघा ताई," वसंता खुशीत म्हणाला. "आधी पॉलिशपेपर मारला, मग तेलाचे तीन हात. लई घाण बसली होती, केसंबिसं. सगळं काढलं."

"काढलेलं कुठंय?"

"जाळलं की. आप्पासाहेब म्हणाले, कचरा ठेवू नका. आणि म्हणाले, वसंता, तेलाला हात आखडता घेऊ नकोस."

तिनं एक मुखवटा उचलला. भुवयांच्या जागी गुळगुळीत. दुसरा. तिसरा. क्रमांक बाविसाचा चेहरा एखाद्या शेंबड्या पोराचा होता, चौदा-पंधरा वर्षांचा. तोही गुळगुळीत.

ती तशीच आप्पांच्या खोलीत शिरली. हातांना तेल लागलेलं.

"तुम्ही पुरावा जाळलात."

"साफसफाई केली," आप्पांनी चष्म्यावरून पाहिलं. "तूच म्हणालीस ना, आजोबांनी तेल वाचवलं, ही चूक झाली. मी दुरुस्त केली." आणि ते हसले. घरगुती, खोडकर हसू, जे बघून लहानपणी तिला वाटायचं की आपले वडील सगळ्यांच्या वडिलांपेक्षा गमतीदार आहेत.

"पस्तीस माणसं होती ती आप्पा!"

"प्लॅस्टर होतं. ओरडू नकोस, बाहेर कामगार आहेत. तू आठ दिवस मागितलेस त्या बाईकडे की नाही? मी फक्त त्यांचा उपयोग केला. वेळ वाया घालवायची आपल्या घरात पद्धत नाही."

शलाकानं पेन काढलं. त्यांच्याच टेबलावर, त्यांच्याच भाषणाच्या कागदाशेजारी अहवाल ठेवून सही केली. अर्ध्या मिनिटाचं काम होतं. सहा दिवसांपूर्वीही अर्ध्याच मिनिटाचं होतं.

"संचालकपद विसर," आप्पा म्हणाले.

"विसरले."

"घरही."

"तेही."

"एक लक्षात ठेव. तुझी फी, तुझं पुणं, तुझ्या डिग्र्या, सगळं काढ्यातून आलंय. थुंकायचं तर सगळं थुंक." हे मात्र त्यांनी खरं सांगितलं.

ती वस्तीवर गेली तेव्हा शेवराबाईनं तिचे तेलकट हात पाहिले आणि काही विचारायच्या आधीच पोलक्यातून पावती काढली. उलटी करून पुढे धरली.

"द्या," ती म्हणाली.

शलाका रडायला लागली.

"रडू नका. मला तुमचं रडणं सांभाळायला लावू नका, तेवढं तरी आमच्याकडनं फुकट घेऊ नका." शेवराबाईचा आवाज चढला नव्हता, पण आजूबाजूच्या दारांत माणसं येऊन उभी राहिली. "मी सही केली. सहासष्ट वर्षांची म्हातारी, तीस वर्षं एसटीत माणसं पारखलेली, आणि बिवलकरांच्या शब्दावर सही केली! माझी आजी भावाला शिव्या घालत मेली. ह्या वस्तीत आणखी पंधरा घरं तशाच शिव्या घालतायत. त्यांना मी आता काय सांगू? की नीट बोलली बाई, म्हणून थांबले?"

अहवाल प्रसिद्ध झाल्यावर मंत्र्यांना दुसरं काम निघालं. समारंभ तरीही झाला. आप्पांनी स्वतःच फीत कापली. भाषणातलं एक वाक्य गाळलं, बाकीचं वाचलं.

फाटकाबाहेर वस्तीतली दोनअडीचशे माणसं उभी होती. घोषणा नाहीत, दगड नाहीत. पोलिसांना याचाच जास्त त्रास होत होता. शेवराबाईनं हजेरीपुस्तकाची नक्कल आणली होती. ती तिनं शलाकाच्या हातात दिली.

"घ्या हजेरी. तुमच्या घरचंच काम हाय."

शलाकानं पहिलं नाव वाचलं. "नवशा."

"हजर," शेवराबाई म्हणाली. ती एकटीच म्हणाली, पण फाटकाच्या आत उद्घाटनाला जमलेल्यांनी मान वळवली.

आणखी तीन नावं. तीन घराण्यांचे तीन आवाज. एक म्हातारा तर 'हजर' म्हणाला आणि तिथेच खाली बसला. पाचव्या नावाला मागून एक बाई पुढे आली, पोराला कडेवर घेऊन. शलाकानं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि घाईघाईनं म्हणाली, "हजर. मी लिहिते हजर."

"न्हाई," शेवराबाईनं तिचा हात धरला. "लिहायचं न्हाई. पुरावा तुमच्या तेलात गेला. खोटी हजेरी लावायला आम्ही डॉक्टर न्हाई. वाचा पुढं. जे लिहिलंय तेच वाचा."

मग शलाकाला वाचावं लागलं. नाव, आणि पुढे लाल शाईतला तो शब्द. पंधरा वेळा.

आता जमाखर्च. डॉ. त्र्यंबक बिवलकरांना किताब मिळाला होता, तो मेलेल्या माणसाकडून परत घेण्याची सोय नाही. काढ्याची विक्री दोन महिने पडली, दिवाळीनंतर सावरली. आप्पांना समारंभ मिळाला. तेल लागलं साडेतीन लिटर. शलाकाचं पद गेलं, चार खोल्या गेल्या, आणि ते एक वाक्य गेलं. काही दिवस तिला वाटत होतं की मोठी किंमत मोजली. मग एकदा तिनं हा आपला खर्च शेवराबाईसमोर बोलून दाखवला. शेवराबाईनं शेवटपर्यंत ऐकलं, एवढंच म्हणाली, "बस, एवढंच?" आणि पावती पुन्हा पोलक्यात ठेवली.

नवशानं एकवीस वर्षं भरली आणि चौदा पेले दूध. त्याच्या बहिणीनं सात वर्षांची असताना आई भरली आणि उरलेलं आयुष्य शिव्यांत. यंदा आखितीला शेवराबाईच्या दारात पितरांसाठी एक घास जास्त निघाला. वस्तीत तसे चार निघाले.

बाकीचे पंधरा हजेरीपुस्तकात आहेत तिथेच आहेत. शंभरावर वर्षं झाली, अजून पळतायत.